खुंट्याला बांधलेला कुत्रा

कुत्र्यावर माझा भरवसा कधीच नव्हता आणि आज म्हातारपणीही नाही. शेपटी हलवतो म्हणून कुत्रा आपला झाला असं मानणारी माणसं मला भोळी वाटतात. शेपटी हलवायला त्याला काय लागतं? माणसंही हलवतातच की, फक्त दिसत नाही.

हा संशय माझ्यात माहेरून आला. माझं माहेर फुलचूरचं. मी लहान असताना शेजारच्या घरातल्या मुलाला कुत्रा चावला. लोकांनी लगेच काठ्या काढल्या, कुत्रा मारून नाल्यात फेकला आणि सगळे समाधानानं घरी आले. मुलाला गोंदियाला डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टरनं पहिलं विचारलं, कुत्रा कुठे आहे. मारला म्हटल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. पिसाळलेला कुत्रा दहा-बारा दिवसांत स्वतःच मरतो, न पिसाळलेला जगतो. तेव्हा चावलेला कुत्रा बांधून पाहायचा असतो. तो बिघडला तर नागपूरला नेऊन मुलाच्या पोटात सुया द्यायच्या. आता कोणाकडे पाहून ठरवायचं? त्या घरच्यांनी ठरवलं, कुत्रा चांगलाच असेल. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा तो मुलगा पाण्याचा पेला पाहून किंचाळत होता. आमच्या अंगणात ऐकू यायचं. मग एका दुपारी यायचं थांबलं.

म्हणून सासरी आल्यावर लेकरं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्यांना पहिलं कुत्रं शिकवलं. अक्षरं शिकवायला मास्तर होता.

सासर तलावाखालच्या गावात. सासऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी बांधलेला तलाव, त्याच्या पाण्यावर सगळ्या बांध्या, आमची धानाची शेतं. रोवणीच्या, धानाची रोपं लावायच्या दिवसांत घरात माणूस राहत नसे. माझा गुडघा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला, चिखलात उभं राहणं जमेना, म्हणून मी घरी आणि घरातली, शेजारची सगळी लहान पोरं माझ्याजवळ. मला स्वतःला मूल नव्हतं. ते कोणी तोंडावर बोलत नसे, पण बोलत नसे म्हणजे विसरलं होतं असं नाही.

ओसरीवर माझी शाळा भरायची. एका पोराच्या पाठीवर पोतं टाकायचं, तो कुत्रा. बाकीच्यांनी त्याच्या समोरून जायचं. जो पळाला त्याला कुत्र्यानं धरायचं. "पळाचं नाई," मी सांगायची. "झाडावानी उभं राहाचं. हात छातीशी, नजर खाली. झाडाले कुत्रा चावते का?" मग पोतंवाल्यासमोर मुरमुरे ठेवायचे: खाणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही. त्याच्या पोटाशी चिंध्यांची गाठोडी ठेवायची: पिलंवालीच्या जवळ तर अजिबात नाही, मग ती घरची का असेना. आणि परका कुत्रा गावात दिसला की आधी मला येऊन सांगायचं. परक्याचा विश्वास धरायचा नाही, हे तर मी दिवसातून दहादा म्हणत असेन. पोरं हसायची, पण शिकायची.

सगळ्यांत हुशार माझ्या धाकट्या जावेची मुलगी. सहा-सात वर्षांची, काडीसारखी, तोंडाळ. दोन लेकरं गेल्यावर जगलेली, म्हणून जाऊ तिला फुलासारखी जपायची आणि रोवणीला जाताना माझ्या हवाली करताना रोज मागे वळून पाहायची. मला मोठी माय म्हणायची ती पोर. कुत्रा व्हायला तिला फार आवडायचं. पोतं घेऊन अशी गुरगुरायची की मोठी पोरं मागे सरायची.

त्या वर्षी लढाई चालू होती, दुकानात रॉकेल मिळत नव्हतं आणि गावात एक परका कुत्रा आला होता. बाजाराच्या गाड्यांमागून आला असेल. फिक्कट पिवळा, एक कान फाटलेला, मागचा पाय ओढत चालणारा. आमच्या घरासमोरच्या चिंचेखाली बसून राहायचा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मला तेच खटकायचं. भुंकणारा कुत्रा निदान काय मनात आहे ते सांगतो. हा नुसता पाहायचा. मी पोरांना ताकीद दिली, चिंचेकडे फिरकायचं नाही.

आमची स्वतःची एक तांबडी कुत्री होती, गुरांच्या कोठ्यात व्यालेली. तिच्याकडे मी फार लक्ष देत नव्हते. घरचीच होती.

एका दुपारी पोरं जेवायला बसली आणि मला दिसलं, जावेची मुलगी डाव्या हातानं भात खाते आहे. उजवा हात परकराखाली.

"काऊन वं, उजव्या हाताले का झालं?"

"काटा रुतला."

"दाखव."

ती दाखवेना. मी मनगट धरून हात वर ओढला. कोपराखाली दोन भोकं, त्यांच्या भोवती निळं झालेलं.

"काट्याले दात फुटले का आता?" मी म्हटलं.

तिनं हात परत परकराखाली ओढून घेतला. मग मान खाली घालून म्हणाली, "त्या चिंचेखालच्यानं."

मला नवल वाटलं नाही. मला तर वाटलं, आलं शेवटी खरं. जखम साबणानं धुतली, एका पोराला बांधीकडे पळवलं, आणि काठी टेकत अंगणात आले तोवर चार माणसं लाठ्या घेऊन चिंचेभोवती उभी होती. गावात बातमी पायानं चालत नाही. कुत्रा खोडाला टेकून बसला होता. पळायला पाय धड नव्हता.

मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नसेन. "मारू नका त्याले. तो मेला तं पोरगी गेली."

माणसं थबकली. सासरे बांधीतून चिखलाच्या पायांनी आले, त्यांना मी फुलचूरची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकून घेणारे होते. त्यांनीच गाईचं दावं टाकून कुत्र्याला ओढत आणलं आणि आमच्या ओसरीसमोरच्या खुंट्याला बांधलं. ओढताना तो कोणाला चावला नाही. ते मी पाहिलं, पण तेवढ्यावरून काय मानायचं? नाटकी कुत्रे असतात.

सासरे पोरीला बैलगाडीत घालून गोंदियाला घेऊन गेले. डॉक्टरनं औषधानं जखम जाळली आणि तेच सांगितलं जे मला ठाऊक होतं: दहा-बारा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. खाणं सोडलं, लाळ गळायला लागली, की त्याच पावली पोरीला घेऊन नागपूरची गाडी धरा. म्हणजे आता त्या पोरीचा जीव खुंट्याला बांधलेला होता, आणि राखण माझ्याकडे.

जावेनं मात्र वेगळं धरलं. परतल्यावर रात्री पोरीला मांडीवर घेऊन ती बसली होती. मी पाण्याचा लोटा घेऊन गेले तर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमचं स्वतःचं असतं बाई, तं डोळ्यात तेल घालून पाह्यलं असतं."

मी लोटा ठेवला आणि बाहेर आले. त्या वाक्यानं मला जे झालं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. खोटं बोलणार नाही, मला तिचा रागही आला आणि आतून असंही वाटलं की हिचं खरं तर नाही ना.

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर ठाण मांडलं. कुत्र्याला खापरात पेज घालायची, पाणी ठेवायचं, आणि पाहायचं. खातो का, पितो का, जबडा लोंबतो का. कुत्र्यावर संशय होताच, आता माणसांवर बसला. समोरच्या घरचा म्हातारा भाकरीचा तुकडा टाकायला आला, मी तो उचलून चुलीत घातला. कोण जाणे आत काय असेल. पोरं दगड मारायला जमली, त्यांना हाकललं. एकदा जाऊ मुसळ हातात घेऊन कुत्र्यासमोर उभी दिसली. धान कांडायला निघाली होती म्हणाली. उखळ घराच्या मागच्या बाजूला होतं. मी मुसळ तिच्या हातातून घेतलं आणि भिंतीला लावलं.

कुत्रा खात होता, पीत होता. मी प्रत्येक घोट मोजल्यासारखा पाहत होते आणि तरी मन मानत नव्हतं. आज पितो, उद्याचं काय?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक गोष्ट दिसली. मी आत चूल पाहून बाहेर आले तर पोरगी कुत्र्याला खेटून बसली होती आणि त्याच्या फाटक्या कानातल्या गोचिडी काढत होती.

"सरक तिथून. चावला ना तुले तो?"

"काई नाई करत तो," ती म्हणाली आणि सावकाश उठली.

मी तिला रागावले, हाताला धरून आत नेलं. पण ते डोक्यात राहिलं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला न्हाणीत विंचू चावला होता, तर वर्षभर ती त्या न्हाणीत एकटी जात नव्हती. आणि ज्याचे दात हातात रुतले, ज्याच्यापायी औषधानं हात जाळला, त्याच्या कानात बोटं घालते? लेकरं विसरतात म्हणावं तर हे लेकरू विसरणाऱ्यातलं नव्हतं.

त्यातच गावातल्या बायांनी जावेच्या मनात विहिरी भरवल्या. आमच्याकडे रीतच होती, कुत्रा चावलेल्याला सात विहिरींत डोकवायला लावायचं. विष उतरतं म्हणत. आणि पाण्यात कुत्रा दिसला किंवा माणूस पाण्याला भ्यालं, तर समजायचं की संपलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण जावेला थांबवायला मला तोंड राहिलं नव्हतं. आमच्या गावात तलाव एवढा मोठा, तर विहिरी कोण खोदणार? सात भरेनात. दोन तर पलीकडच्या टोल्यावर, वस्तीत जाऊन पाहाव्या लागल्या. शेवटची आमच्या परसातली, कोठ्याला लागून.

मी मागून काठी टेकत चालले होते. पोरगी मजेत होती. प्रत्येक विहिरीत वाकायची, आपलंच तोंड पाहून वेडावायची. बाया म्हणत, "का दिसते?" ती म्हणे, "मीच दिसतो." तिला तर जत्रा वाटत होती.

मग आमच्या परसात आलो. विहीर दहा पावलांवर असेल. पोरीचा पाय थांबला. जावेनं ओढलं तर तिनं अंग मागे टाकलं, थरथरायला लागली, रडू फुटलं. "मी नाई जात तिकडं. मी नाई जात."

बाया जागच्या जागी थांबल्या. एक हळूच म्हणाली, "पाण्याले भेली."

जाऊ तिथंच चिखलात बसली. मला फुलचूरचं अंगण ऐकू आलं, खरंच ऐकू आलं. पण माझा स्वभाव असा की मला भीतीचासुद्धा संशय येतो. सहा विहिरींत वाकून हसणारी पोर सातवीलाच का भ्यावी? मी घरात गेले, लोटाभर पाणी आणलं आणि तिच्या तोंडाला लावलं. तिनं हुंदके देत देत लोटा रिकामा केला. आणखी मागितलं.

"पाण्याले नाई भ्याली ही," मी बायांना म्हटलं. "तुमी घरी जा."

तिला कडेवर घेता येईना म्हणून मी हाताला धरून ओसरीवर आणलं, समोर बसवलं. जाऊ दाराशी येऊन उभी राहिली.

"खरं सांग. विहिरीजवळ का आहे?"

तिनं परसाकडे पाठ फिरवली.

"कोठा आहे," मी म्हटलं. "कोठ्यात तांबडी आहे. तिनं चावलं तुले."

मग तिचं तोंड वाकडं झालं. "मी पिलू उचललं. त्यायचे डोळे उघडले का पाहाले. तिनं धरलं. मंग सोडून देल्लं."

"मंग त्या बिचाऱ्याचं नाव कायले घेतलं?"

"तुमी तिले मारलं असतं. सगळे मारतेत." आता ती घळाघळा रडत होती. "तूच सांगतलं होतं ना, पिलंवालीजवळ जाऊ नोको. मी गेली. मंग चूक माझी ना? तिले कायले माराचं?"

"आन त्याले मारलं असतं, तं चाललं असतं?"

तिनं नाक पुसलं. "तो तं कोणाचाच नाई."

दिवसातून दहादा ज्याच्याबद्दल मी कान भरले, त्याच्यावरचा आळ सगळे खरा मानतील हे त्या पोरीला बरोबर ठाऊक होतं. पण तेव्हा त्याचा विचार करत बसायला वेळ नव्हता. इतके दिवस मी भलत्याच कुत्र्याचं पाणी पाहत होते.

मी कोठ्यात गेले. गवतात गोल खड्डा होता, त्यात चार केस. तांबडी नव्हती, पिलं नव्हती. कधीपासून नाही, कोणालाच सांगता येईना. घरच्या कुत्रीकडे कोण पाहतं? पिलांना हात लागला की कुत्री जागा बदलते, हे मला माहीत होतं. पण पिसाळलेलं जनावरही घर सोडून भटकतं, हेही माहीत होतं.

सासरे आणि दीर, पोरीचा बाप, बांध्यांकडून, नाल्याकडून शोधायला निघाले. त्यांच्या हातात काठ्या होत्या, मी त्या ठेवायला लावल्या. मी आणि जाऊ तलावाच्या पाळीकडे, मातीच्या बांधाकडे गेलो. पाळ चढताना माझा गुडघा अडला, तेव्हा तिनं माझा दंड धरला आणि वर ओढून घेतलं. नंतरही सोडला नाही.

पाळीच्या टोकाला तुडूम होतं, तलावाचं पाणी बांध्यांत सोडायचं दगडी तोंड. त्याच्या वरच्या अंगाला जुने दगड ढासळून एक कोरडी पोकळी झाली होती. तिथून गुरगुर ऐकू आली. तांबडी पिलांना पोटाशी घेऊन पडली होती. बरगड्या दिसत होत्या. आम्हाला पाहून तिनं दात काढले.

"लाळ गळते का वो?" जावेनं विचारलं.

अंधारात नीट दिसेना. मी घरून आणलेल्या खापरात तलावाचं पाणी भरलं, काठीनं तिच्यासमोर सरकवलं. मग आम्ही दोघी मागे जाऊन उभ्या राहिलो. हात छातीशी, नजर खाली. पोरांना शिकवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा स्वतः केलं.

ती उठेना. एक पिलू चुकचुकलं. वारा तलावावरून येत होता आणि जावेची नखं माझ्या दंडात रुतत होती. मी मनात म्हणत होते, पी बाई. तुझ्या पाया पडते, पी.

मग लपलप असा आवाज आला. मी नजर वर केली. तांबडी पाणी पीत होती, खापर रिकामं झालं तरी चाटत होती.

जाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. त्याला लाज कसली?

पण म्हणून मी दावं सोडलं नाही. पोरगी एकदा खोटं बोलली, दुसऱ्यांदा बोलली नसेल कशावरून? सासऱ्यांनी विचारलं, आता दोघांनाही पाहाचं का? मी हो म्हटलं. ते हसले. डॉक्टरनं सांगितलेले दिवस पुरे झाले तरी खुंट्याच्या कुत्र्याला मी पेज घालत राहिले आणि पाळीवर तांबडीसाठी जाऊ स्वतः भात घेऊन जात राहिली. दोघंही खात होती, पीत होती. तांबडी अंगानं भरली, पिलं पाळीवर धावायला लागली. चावल्याला महिना होत आला तेव्हा कुठे माझ्या मनानं मान्य केलं की पोरगी वाचली.

त्या सकाळी मी पोरीला बोलावलं. "बांधलं तुया बोलण्यावरून. सोड आता तूच."

तिनं दाव्याची गाठ सोडली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. कुत्रा उठला. अंग झाडलं. दाव्यानं मानेवरचे केस गेले होते, तिथं कातडी गुलाबी दिसत होती. तिनं त्याच्यासमोर खापर सरकवलं, आत ताज्या भातावर दूध घातलेलं होतं. त्यानं त्याकडे पाहिलंही नाही. पाय ओढत फाटकाबाहेर गेला, चिंचेखाली थांबला नाही, गाडीवाटेनं सरळ निघाला.

पोरगी त्याच्यामागे पळाली. त्यानं मागे वळून पाहिलं आणि लंगडत, धडपडत पळायला लागला. तिच्यापासून.

ती जिथल्या तिथं थांबली. मग तिनं दोन्ही हात छातीशी घेतले, मान खाली घातली आणि झाडासारखी उभी राहिली. कुत्रा गाडीवाटेच्या वळणावर दिसेनासा झाला तरी ती तशीच होती.

जाऊ माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "बाई, बोलवा ना तिले," ती म्हणाली. "तुमचंच ऐकते."

"राहू दे थोडा वेळ," मी म्हटलं.